ट्रेमधली सुई

कोयता चालला तो चारा छावणीत, आणि छावणी दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती म्हणूनच पंडित वाचला.

सोळा सालचा एप्रिल होता. शिरूर कासारच्या पलीकडं पिंपळटाकळी नावाचं गाव आहे. तिथल्या माळावर गावच्या दूध सोसायटीनं छावणी उघडली होती. हजारभर जनावरं, त्यांच्यामागं आलेली माणसं, टँकरचं गढूळ पाणी आणि सगळ्यावर बसलेली धूळ. सोसायटीचे चेअरमन मोहनराव, पण छावणीत शब्द चालायचा तो त्यांच्या पुतण्याचा, अंगदचा. तिशीतला गडी, अंगानं दांडगा, तोंडाआधी हात चालणारा. त्या दिवशी सकाळी छावणीसाठी आलेल्या उसाचा टेम्पो तो भलतीकडंच घेऊन निघाला होता. पंडित टेम्पोला आडवा झाला. हा ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, पाच महिने कारखान्यावर राबून दोन महिन्यांमागं गावी परतलेला. त्याच्या दोन गाई छावणीत होत्या आणि दोन दिवस त्यांच्यापुढं काही पडलं नव्हतं.

"खाली उतर बे," पंडित म्हणाला. "मुक्या जनावराचं खातोस व्हय?"

अंगद उतरला तो कोयता घेऊनच. पहिला घाव पंडितनं हातावर झेलला. दुसरा डोक्यात बसला.

लोकांनी त्याला चवाळ्याच्या झोळीत घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा ड्युटीवर अंजना सिस्टर होती. छत्तीस वर्षांची, सडपातळ, फार न बोलणारी. तिचे आईबापही ऊसतोडीलाच जायचे. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात वाढलेली ही पोर नर्स झाली, याचं तिच्या बापाला मरेपर्यंत कौतुक होतं. कोयत्याची जखम तिनं लहानपणापासून पाहिली होती. पण ती चुकून पायावर बसलेल्या कोयत्याची. ही जखम वेगळी होती. डोक्याची कातडी कानापर्यंत लोंबत होती आणि उजव्या हाताची दोन बोटं नुसती चामडीला धरून होती.

"भामाबाई, दार लावा!" ती ओरडली. भामाबाई म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणारी म्हातारी. तिनं दार ओढलं, पण त्याची कडी केव्हाच निखळलेली होती.

डॉक्टर गित्ते तरणे होते, लातूरहून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी डोक्याला टाके घालायला घेतले. अंजनानं पाकीट फोडून सलाईनची मोठी सुई काढली. या सुईत बाहेर प्लास्टिकची नळी असते आणि आत पोलादाची पोकळ सुई. नळी शिरेत ठेवायची, सुई बाहेर ओढायची आणि तडक डब्यात टाकायची. अंजनानं नळी बसवली, सुई ओढली. डब्याकडं हात नेतेय तोच दार लाथेनं उघडलं.

अंगद आणि त्याच्यामागं तिघं. अंगदच्या हातात आता कोयता नव्हता, काठी होती.

"बाजूला हो डॉक्टर. अजून जिता हाय तो."

डॉक्टर पंडितच्या पुढं उभे राहिले. तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांच्या खांद्यावर काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज अंजनानं स्पष्ट ऐकला. डॉक्टर भिंतीला टेकत खाली बसले. अंगदनं पंडितचे केस धरले, अर्धवट शिवलेल्या डोक्याचेच, आणि त्याला टेबलावरून ओढलं. टाके उसवले. रक्ताची चिळकांडी सलाईनच्या बाटलीवर उडाली.

अंजना मधे घुसली. अंगदनं तिचं मनगट पकडून तिला ढकललं, आणि त्या झटापटीत तिच्याच हातातली सुई तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात शिरली. पार आत, हाडापर्यंत. हातमोज्याच्या आत गरम रक्त पसरलेलं तिला कळलं. तिनं सुई उपसली. अंगदनं तिचा सुईचा हात पुन्हा धरला आणि पिरगळला. या वेळी सुई त्याच्या कोपराखाली गेली. त्याला पत्ताही नव्हता. रागानं आंधळा झालेला माणूस तो. तिला मात्र दिसलं. केसाळ हातावर रक्ताचा एक थेंब फुगला आणि ओघळला.

मग तिनं सुई सोडून दिली आणि सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं तो दोन्ही हातांनी अंगदच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. दुसरा वार नाकावर बसला. भामाबाईनं फरशी पुसायची ब्लीचिंगची बादली उचलून बाकीच्यांच्या डोळ्यांत रिकामी केली. ती माणसं गुरासारखी ओरडत, धडपडत बाहेर पडली. अंगद जाता जाता एकदाच वळला.

"तुला बघतो, शिस्टर!"

अंजनानं हातमोजा काढला आणि नळाखाली हात धरला. नळाला पाणी नव्हतं, दोन महिने झाले नव्हतं. ड्रममध्ये टँकरचं पाणी, त्यात आळ्या. तिनं सलाईनच्या दोन बाटल्या फोडून अंगठ्यावर ओतल्या, साबण लावला, तिसरी ओतली. जखम दाबायची नाही, चोखायची नाही, धुवायची, एवढं प्रशिक्षणात सांगितलेलं. प्रशिक्षणात सांगताना ते किती सोपं वाटलं होतं.

डॉक्टरांचा एक हात लुळा पडला होता. दुसऱ्या हातानं ते दाखवत गेले आणि टाके अंजनानं घातले, बत्तीस. शहरातून गाडी यायला तासभर होता. टाके झाल्यावर ती पंडितच्या कानाशी वाकली.

"दादा, तुमच्या रक्ताची सुई मला लागलीय. तुमचं रक्त तपासू का? नाव कुठं जाणार न्हाई."

पंडितनं डोळे उघडले. डॉक्टरांकडं पाहिलं, भामाबाईकडं पाहिलं. म्हणाला, "यांना भाइर धाडा."

दोघं दाराबाहेर गेल्यावर तो हळूच बोलला, "तपासू नका शिस्टर. म्हाईत हाय मला. हाय मला ते."

अंजनानं त्याच्या डोक्याची पट्टी सारखी केली.

"दोन वर्सामागं कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलतो, तवा कळलं. गोळ्या चालू हायत. रतनला म्हाईत हाय, बायकोला. तिला न्हाई झालं. पोरान्ला बी न्हाई." त्याला धाप लागली. "पर ह्या दोन महिन्यांत गोळ्या आणाया जाता आलं न्हाई. जनावरं कुणावर टाकू? म्हणून सांगतो, तुमी लगोलग औषीद घ्या. फकस्त गावाला कळू देऊ नका. मोहनरावाच्या माणसांना कळलं, तर रतनला हिरीवर घागर लावू देणार न्हाईत. पोरान्ला साळंतून काढतील."

"कळणार न्हाई," अंजना म्हणाली.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून ज्या गोळ्या लगेच घ्यायच्या असतात, त्या प्रसूतीच्या खोलीतल्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली घेऊन औषधवाले साहेब मीटिंगला गेले होते. अंजनानं ऑक्सिजनच्या सिलेंडरचा पाना आणला आणि कुलपावर घाव घालायला सुरुवात केली. चौथ्या घावाला कडी तुटली. पाचवा आणि सहावा घाव तिनं उगाचच घातला, रिकाम्या पत्र्यावर. मग गोळी काढून गिळली. डॉक्टरांना तिनं खरं काय ते सांगितलं. उपचार त्यांनाच करायचा होता, त्यांच्यापासून लपवून चालणार नव्हतं.

"अठ्ठावीस दिवस घ्या," डॉक्टर म्हणाले. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "धोका फार नाही. पण नाहीच असंही म्हणता येणार नाही."

पोलीस आले, जबाब झाला, अंगद फरार म्हणून लिहिलं गेलं. अंजनानं सुईचं पोलिसांना सांगितलं नाही. घरी नवऱ्याला मात्र सांगावं लागलं. भारत एसटीत कंडक्टर होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सहा महिने मला लांब राहावं लागंल," ती म्हणाली.

"राहू की," तो म्हणाला, आणि तिच्या अंगठ्याची पट्टी बदलायला बसला.

ती गोळी भारी होती. डोळा लागला की स्वप्नांत कोयते दिसायचे, उसाच्या फडात पाचट पेटलेलं दिसायचं. सकाळी जमीन हलत असल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी ती तोंड धुताना ओकली, आणि ओकता ओकता तिला तो थेंब पुन्हा आठवला, अंगदच्या हातावरचा. रात्रभर तो तिला आठवतच होता, पण त्यालाही गोळी लागेल, इथवर तिनं विचार जाऊ दिला नव्हता.

ती डॉक्टरांकडं गेली. त्यांचा हात गळ्यात बांधलेला.

"सुई अंगदलाही लागलीय. त्याला ठाऊक न्हाई."

"मरू द्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "बहात्तर तासांच्या आत सुरू करायला हवं. मला त्याच्याशी बोलायला लावू नका, सिस्टर. मला ते जमणार नाही."

तिलाही जमणार नाही असंच वाटत होतं. खरं सांगायचं तर गोळी गिळताना तिच्या मनात आलं होतं की होऊ दे त्याला. झिजून झिजून मरू दे. हा विचार तिला गोडही लागला होता. पण दुपार झाली तशी तिला धड बसवेना. काल त्यानं मारलं तेव्हा तो एकटा गुन्हेगार होता. आज आपण गप्प बसलो तर त्याला मारणारे आपण. आणि त्याची बायको आहे, तिचा काय दोष. दोन वाजता अंजना छावणीकडं चालू लागली.

मोहनराव मांडवात खाटेवर बसले होते. साठीचे, पांढरे कपडे, बोलायला मऊ.

"या शिस्टर, बसा. पोरगं चुकलं. आपण मिटवून टाकू. तेवढा जबाब बदला."

"मला अंगदशी बोलायचंय. एकटीला."

"तो गावात न्हाई."

"मग पेंडीच्या गोदामाला भर दुपारी आतून कडी कावून हाय?"

मोहनरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि गड्याला खूण केली.

गोदाम पत्र्याचं होतं, आत भट्टीसारखं तापलेलं. सरकीच्या पेंडीच्या पोत्यांमागून अंगद पुढं आला. भुवई सुजून डोळा झाकला होता, नाक वाकडं झालं होतं.

"मारून भागलं न्हाई का?"

"उजवा हात दाव. कोपराखाली बघ." तिथं काळानिळा ठिपका होता. "माझ्या हातातली सुई आधी मला लागली, मग तुला. मी कालपासून गोळी खातेय, एड्सची लागण होऊ नये म्हणून. बहात्तर तासांच्या आत सुरू केली तरच उपयोग. तुझे अठ्ठावीस तास गेले."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो ठिपका अंगठ्यानं घासायला लागला, जसं काही तो पुसून जाणार होता. आणि एकदम त्यानं तिचा गळा धरला.

"पंडितला हाय! त्याला हाय ते, म्हणून आलीस तू! बोल!"

त्यानं तिचं डोकं पत्र्यावर आपटलं. पत्रा वाजला. दुसऱ्यांदा आपटलं. तिच्या डोळ्यांपुढं पिवळं आलं. "बोल, न्हाईतर हितंच गाडीन. आणि त्याला दवाखान्यात जाऊन जाळीन, बायकापोरांसकट."

ते 'जाळीन' ऐकलं आणि तिला उत्तर सुचलं. आधीपासून ठरवलेलं काही नव्हतं. रतनबाईला तिनं उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, मांडीवरच्या पोराला डोस पाजायला आलेली.

"सोड... सांगते." त्यानं हात सैल केला. ती खोकली, भिंतीला धरून उभी राहिली. "पंडितची सुई न्हवतीच ती. ट्रेमधली वापरलेली सुई होती. सकाळपास्नं चार-पाच जणांना लावलेली. गडबडीत हातात आली. कुणाचं रक्त होतं त्यात, मला ठाऊक न्हाई. म्हणून तर मी गोळी खातेय."

अंगद आपल्या कोपराकडं बघत एक पाऊल मागं सरला. त्याचा श्वास घरघरत होता.

"वापरलेली सुई?" दारातून आवाज आला. मोहनराव कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी हे शब्द अगदी सावकाश उच्चारले, आणि आपण आत्ता काय करून बसलो हे अंजनाला त्या उच्चारावरूनच कळलं. सरकारी दवाखान्यातली नर्स वापरलेल्या सुया वापरते. याहून मोठं हत्यार त्यांना कुठं मिळणार होतं?

तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. अंगदला म्हणाली, "परवा सकाळी दहाच्या आत बीडला जा. पोलीस धरतील. धरू दे. पर गोळी घे, आणि बायकोपासून लांब राहा."

परत येताना ती दवाखान्याच्या कुंपणापाशी बसली आणि रडली. गळ्यावर पाच बोटं उमटली होती.

अंगद तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वकिलाबरोबर पोलिसांत हजर झाला. पोलिसांनी त्याला बेड्यांसकट मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथं त्यानं पहिली गोळी घेतली. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांच्या आत. गळा दाबल्याची तक्रार अंजनानं त्याच दिवशी दिली. त्याच आठवड्यात मोहनरावांचा अंजनाविरुद्धचा अर्ज वरपर्यंत पोचला. सोसायटीच्या लेटरहेडवर, दोनशे सह्यांनिशी. दवाखान्यासमोर बायका येऊन बसल्या. एकीनं अंजनाच्या तोंडावर शेण मारलं. "आमच्या लेकरांना कुणाच्या सुया टोचल्यास गं रांडे?" अंजनानं पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन लसीकरणाचा डबा उघडला. त्या दिवशी एकही लेकरू आलं नाही.

चौकशी जुलैत लागली. आदल्या दिवशी पंडित आला. डोक्यावर टाक्यांची वाकडी रेघ, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. बरोबर रतनबाई होती.

"मी सांगतो सायबाला खरं काय ते," पंडित म्हणाला. "माझ्यापायी तुमी कावून मरायचं?"

"आणि मग? घागर कुठं भरणार?"

"दुसऱ्या गावाला जाऊ."

"तिथं बी इहीर कुणाची तरी असतीच की," अंजना म्हणाली. "गप घरी जा. गोळ्या चुकवू नका."

रतनबाई काहीच बोलली नाही. निघताना तिनं अंजनाचा डावा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं बूड आपल्या कपाळाला लावलं. अंजनाला ते सहन झालं नाही. तिनं हात काढून घेतला.

चौकशीत तिनं वापरलेल्या सुईचं कबूल केलं. डॉक्टर गित्त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी टाके घालत होतो, मी पाहिलं नाही. असं बोलताना ते टेबलाकडं बघत होते. निष्काळजीपणाचा ठपका बसला आणि अंजनाची बदली झाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परळीकडं धर्मापुरीला. सहा आठवड्यांचा रिपोर्ट निर्दोष आला, तीन महिन्यांचा आला, सहा महिन्यांचाही आला. शेवटचा रिपोर्ट घेऊन ती घरी आली तेव्हा भारत ड्युटीवर होता. तिनं भाकरी थापल्या, दोन जास्तच थापल्या, आणि एकटीच बसून सगळ्या खाल्ल्या.

खटला बीडच्या कोर्टात उभा राहायला दोन वर्षं गेली. अंगद आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, वाळलेला, नाक तसंच वाकडं. त्यालाही काही झालं नव्हतं, हे तिनं डॉक्टरांकडून ऐकलं होतं. तिनं साक्ष दिली. काठी कुणी मारली, केस कुणी ओढले, गळा कुणी दाबला, सगळं बोट दाखवून सांगितलं. मग त्याचे वकील उठले.

"बाई, तुम्ही वापरलेल्या सुया लोकांना टोचता, तसा ठपका आहे तुमच्यावर. तुमच्यावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

अंजना तोंड उघडणार तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"वकीलसाहेब, ते सुईचं ऱ्हाऊ द्या."

वकील थबकले. न्यायाधीशांनी अंगदला गप्प बसायला सांगितलं. तो गप्प बसला, पण त्याची नजर अंजनावरच होती. त्यात माया नव्हती, पश्चात्तापही तिला दिसला नाही. एवढंच दिसलं की सुई पंडितचीच होती हे त्याला ठाऊक आहे, केव्हापासून कोण जाणे, आणि त्यानं ते कुणाला सांगितलेलं नाही. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला.

अंगदला पाच वर्षांची सजा लागली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्याची आई छबुबाई अंजनाला आडवी आली. म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली, वेणी धरून तिनं अंजनाला जमिनीवर ओढलं. "माझं लेकरू खाल्लंस, तुझा वंस बुडंल!" दोन शिपाई धावले. त्यांनी म्हातारीची पकड सोडवायला बराच जोर लावला, तिच्या मुठीत अंजनाचे केस राहिले.

"तक्रार द्यायचीय का बाई?" शिपायानं विचारलं.

"नको," अंजना म्हणाली. ती उठली, साडीची धूळ झटकली, बस स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं. परळीची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. संध्याकाळी तिची ड्युटी होती.